दोन चौकटींचं दार

खुनी मी बदलला. मास्तरांना न विचारता बदलला, आणि बदलून झाल्यावर खूश होऊन स्वतःसाठी आल्याचा चहा केला.

तसे माझ्या आयुष्यात गाढवपणाचे प्रसंग कमी नाहीत. शेजारच्या मांडवातल्या अनोळखी नवरानवरीला आहेर देऊन, पोटभर जेवून, फोटोसुद्धा काढून आलेला माणूस आहे मी. पण त्या सगळ्या चुकांत हसं माझं झालं. ही एकच चूक अशी झाली की हसं दुसऱ्याचं झालं, आणि त्या दुसऱ्याला जन्मात कुणी हसलं नव्हतं.

खून खेळातला होता, हे आधीच सांगून टाकतो. खेळ असा असतो : एक जण गोष्ट रचतो आणि सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडणारा चोर. मध्ये चौकटींच्या कागदावर काढलेला नकाशा आणि हातात वीस बाजूंचा फासा. दाराआड काय आहे ते गोष्ट सांगणाऱ्यालाच ठाऊक. दार उघडायचं की पळून जायचं, ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी मी, माझी बायको आणि औषधाचं दुकान असलेला माझा एक मित्र, असे तिघं हा खेळ खेळायचो. चाळिशी ओलांडलेली माणसं पडदे ओढून घेऊन ‘मी तलवार उपसतो!’ असं ओरडतात, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्याशी बोलणं बेताचं ठेवलं होतं.

गोष्टी मी रचायचो. दिवसभर विम्याच्या कचेरीत दुसऱ्यांचे अपघात तपासायचे आणि रविवारी आपले स्वतःचे घडवून आणायचे. माझी समजूत अशी, की मला हे उत्तम जमतं.

मास्तर मला भेटले ते स्टेशनरीच्या दुकानात. मी मोठा ग्राफ पेपर मागत होतो. दुकानदार म्हणाला, “हल्ली ह्याला एकच गिऱ्हाईक हाय, ते तुमच्या शेजारी उभं हाय.” शेजारी एक बुटके, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उभे होते. खिशात स्टीलची पट्टी, गळ्यात दोरीला बांधलेलं चौकोनी भिंग. ते माझ्या हातातला जुना नकाशा बघत होते.

“कसलं डिझाइन म्हनायचं हे?”

“डिझाइन नाही, खेळ आहे. राजवाड्याखालची भुयारं आहेत ही.”

त्यांनी माझ्या हातून कागद काढून घेतला, काउंटरवर पसरला आणि भिंग लावून चौकट चौकट बघत गेले. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पाच मिनिटांनी मास्तरांचं बोट एका खोलीवर थांबलं.

“हितं कोन ऱ्हातंय?”

“राक्षस.”

“कवापासनं?”

“शंभर वर्षं झाली.”

“दार न्हाय की हिला. खातंय काय त्यो?”

तीन महिने मी त्या भुयारात माणसं मारत होतो. राक्षस जेवतो काय, हा प्रश्न मला, माझ्या बायकोला आणि औषधवाल्याला एकदाही पडला नव्हता. मी तिथंच त्यांना रविवारचं आमंत्रण दिलं. पत्ता नीट समजावून सांगायला लागलो तर म्हणाले, “जिना कुटल्या बाजूला, तेवडं सांगा.”

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. चादरीवरचा मोर, कमळ, कोयरी जे काही असेल ते आधी ग्राफ पेपरावर चौकट चौकट भरून काढायचं, मग त्याबरहुकूम जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. ती पत्त्यांची माळ मागावर चढली, की जिथं भोक तिथं धागा उचलला जातो आणि मोर उमटतो. एक भोक चुकलं तर मोराच्या डोळ्यात खोट. आणि ती खोट एका चादरीवर थांबत नाही, हजारांवर जाते. अडतीस वर्षांत एक भोक चुकलं नाही, असं ते म्हणत. बढाई म्हणून नव्हे. आपण आपला रक्तगट सांगतो तसं सांगत.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि मास्तर कुंभारीला कामगार वसाहतीतल्या घरात बसले. घरात ते आणि त्यांची मुलगी. ती बारावी शिकलेली, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जायची. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि इंग्रजीशी मास्तरांचा संबंध पट्टीवरच्या इंचांपुरता.

पहिल्या रविवारी आमच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी काय केलं, तर टेबलावरचं कापड उलटं करून बघितलं. मग सोफ्याचं कव्हर. मग पडदा. माझी बायको पाणी घेऊन आली, तर तिच्या पदराकडे त्यांचा हात जायला लागला आणि अर्ध्यात थांबला.

“माफ करा, बाई. सवय हाय.”

“कसली सवय?”

“उलटी बाजू बगायची. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असतीय. खरं काय झालंय ते उलट्या बाजूला दिसतंय.”

बायकोनं आत जाऊन तीच साडी उलटी धरून बघितली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “अहो, फसवलंय आपल्याला. नुसते धागे लोंबतायत.” साडी मी आणलेली होती. तेव्हापासून ती मास्तरांच्या पक्षात गेली, ती आजतागायत.

खेळताना ते काही खात नसत. भजी समोर निवत पडायची. तेलकट बोट ग्राफ पेपराला लागलं की त्यांच्या कपाळावर आठी. पंखा बंद ठेवायचा, कागद उडतो म्हणून. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून ड्रॅगनशी लढणं म्हणजे काय, ते लढलेल्यालाच कळेल. ड्रॅगनची आग आम्हाला वेगळी वर्णन करून सांगावी लागत नसे.

दोन-तीन रविवार ते नुसते बसून राहिले. चौथ्या रविवारी म्हणाले, “एक गोष्ट मी रचू का?” आणि माझी गोष्ट सांगायची खुर्ची गेली ती गेलीच.

मास्तर गोष्ट सांगायचे म्हणजे जवळजवळ सांगायचेच नाहीत. आपण विचारलं तर उत्तर. नाही विचारलं तर गप्प. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : “इचारलं न्हाय, सांगितलं न्हाय.” औषधवाला मित्र एकदा विहिरीत पडून मेला. विहीर नकाशावर होती. “मास्तर, सांगायचं तरी!” तर त्याला हेच उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळी त्यानं फासा टाकला, वीस पडले, आणि तो हर्षानं ओरडला, “आता खुनी दाखवा!” मास्तर शांतपणे म्हणाले, “फाशानं दार उघडंल. डोळं न्हाय उघडत.”

खुनाच्या गोष्टी रचण्याची त्यांची रीत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. ग्राफ पेपर घ्यायचा. रकान्यात माणसं, ओळीत वेळ. कोणत्या घटकेला कोण कुठं होतं, त्याप्रमाणे रंगानं चौकटी भरायच्या. भरून झालं की तो कागद खरंच चादरीच्या नक्षीसारखा दिसायचा. “सगळं फूल बरोबर उमटतंय,” मास्तर पट्टीनं दाखवायचे, “फकस्त एक चौकट चुकतीया. ती चौकट म्हंजे खुनी. त्येला लपवायचं न्हाय. आख्ख्या कापडावर त्यो उगडा पायजे. खेळनाऱ्यानं बगितलं न्हाय तर ती त्याची अडचन.” प्रत्येक पुरावा ते तीन ठिकाणी ठेवायचे. एक खेळणाऱ्यांकडून हरवतो, एक त्यांना फालतू वाटतो, तिसरा तरी हाती लागावा म्हणून. “एक तार तुटली तर फूल मोडत न्हाय. मोडलं तर डिझाइन कच्चं.”

मी हे सगळं वहीत लिहून घेत होतो. समजत होतं असं नाही. अक्षर मात्र चांगलं येत होतं.

एकदा चहाच्या वेळी बायकोनं विचारलं, “मास्तर, तुमच्या मोराच्या चादरी आमच्याही घरी होत्या. त्यावर तुमचं नाव कुठं असायचं?”

“आमचं कशाला असंल? कोपऱ्यात कारखान्याचं नाव विनत्यात.”

“निरोपाच्या वेळी काही दिलं की नाही?”

“दिलं की. चादर दिली. मोराची.” ते बशीत चहा ओतत म्हणाले. “माजंच पांगरून मला घातलं मालकानं खांद्यावर. टाळ्या वाजिवल्या.”

आम्ही हसलो. त्यांनी सांगितलं होतंच तसं. मी तर सर्वांत मोठ्यांदा हसलो.

त्यानंतर महिनाभरानं त्यांनी ती गोष्ट आणली. चार महिने काढले होते तिच्यात, हे पुढे कळलं. सूतनगरी नावाचं शहर. तिथं मंत्र विणतात. अशी शाल विणतात की जो ती पांघरेल त्याला तलवार लागत नाही, विष चढत नाही. त्या विणकरांचा महाजन एका सकाळी मागाच्या दालनात मेलेला सापडतो. अंगावर तीच शाल, कोपऱ्यात त्याचं स्वतःचं नाव विणलेलं. संशयित पाच : हात कायम निळे असलेला ठेंगू रंगारी, विषं जाणणारी पुजारीण, दारावरचा अर्धराक्षस पहारेकरी, तळघरात राहून श्वासानं रंगाची कढई तापवणारा म्हातारा ड्रॅगन, आणि मागांवर तुटलेली तार, म्हणजे धागा, जोडत फिरणारी एक म्हातारी बाई. ड्रॅगनला कायमची सर्दी. तो शिंकला की कढई उतू जाते आणि रंगारी शिव्या देतो. मास्तरांच्या सगळ्या गोष्टींत मिळून हा एकच विनोद, त्यामुळे त्यांना तो फार प्रिय होता.

आम्ही तीन रविवार खेळलो आणि रंगाऱ्याला फाशी दिलं.

“न्हाय,” मास्तर म्हणाले. “निरपराध गेला बिचारा.” आणि कागदाची गुंडाळी केली. खुनी कोण ते सांगितलं नाही. इचारलं न्हाय, सांगितलं न्हाय.

इथून पुढे माझा पराक्रम सुरू होतो.

परदेशातल्या एका प्रकाशकानं अशा गोष्टींची स्पर्धा जाहीर केली. आलेल्या प्रत्येक गोष्टीवर परीक्षकांचा अभिप्राय लेखकाच्या नावानिशी इंटरनेटवर लावणार होते. मी मास्तरांना म्हटलं, तुमची गोष्ट पाठवू, मी इंग्रजी करून देतो. ते बराच वेळ पट्टीनं टेबलावर टकटक करत राहिले.

“नाव कुनाचं असंल?”

“तुमचंच! गोष्ट तुमची आहे.”

“वर लिवतील?”

“अगदी वर.”

“पूर्न?”

“पूर्ण नाव, मास्तर. आडनावासकट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते सगळे कागद घेऊन दारात हजर. कुंभारीहून पहिल्या बसनं. कागद जुन्या मोराच्या चादरीच्या तुकड्यात बांधलेले.

त्या रात्री मला खुनी कळला. तार जोडणारी बाई. शाल विणताना तिनं एका ठिकाणी तार उलटी जोडली होती, म्हणून शालीच्या उलट्या बाजूला रक्षणाचा मंत्र गळा आवळण्याचा मंत्र झाला होता. का, तर ती नक्षी तिची होती आणि महाजनानं कोपऱ्यात स्वतःचं नाव विणून घेतलं होतं. आम्ही शाल उलटी केली असती तर पहिल्या तासात समजलं असतं. ज्या माणसानं आमच्या घरातला पडदासुद्धा उलटा करून बघितला, त्याच्या गोष्टीतली शाल आम्ही तिघांपैकी एकानंही उलटी केली नव्हती.

शहाण्या माणसाला यावर स्वतःची लाज वाटली असती. मला राग आला. मला सापडला नाही त्या अर्थी खुनी कच्चा आहे, असा मी निकाल दिला. एक म्हातारी, तिला नाव नाही, ती काही बोलत नाही, अशा बाईत परदेशी वाचकाला काय गंमत वाटणार? आणि घरात ड्रॅगन असताना खून म्हातारीनं करायचा? मी ड्रॅगनची सर्दी काढून टाकली. त्याला लाल डोळे आणि जुनं वैर दिलं. शेवटच्या चार पानांत तो तळघरातून येऊन महाजनाला मारतो असं केलं, त्यावर कडक इंग्रजी चढवलं, आणि लेखक म्हणून मास्तरांचं पूर्ण नाव घालून पाठवून दिलं. नकाशाला मी हात लावला नाही. नकाशा फार सुरेख होता.

मास्तरांना वाटलं मी भाषांतर केलं. मला वाटलं मी उपकार केले.

निकालाच्या रविवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाव किलो पेढे आणले होते. पहिल्यांदाच मुलीला बरोबर घेऊन आले. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली आणि तिनं सगळ्या घराकडे एकदा नीट बघून घेतलं, वडिलांसारखंच. पंखा कुणी न सांगता बंद झाला. बायकोनं फोनवर पान उघडलं.

“आलं! मास्तर, तुमचं नाव आलंय, एकदम वर!”

मास्तर उठून उभे राहिले. फोन हातात घेतला, खिशातली पट्टी काढावी की काय अशा बेतानं नावाकडे बघितलं. मुलीनं अक्षरांवरून बोट फिरवून नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते परत वाचायला लावलं.

“खाली काय लिवलंय?”

बायको वाचून मराठीत सांगायला लागली. “म्हणतायत की मांडणी अप्रतिम आहे. इतका काटेकोर नकाशा आम्ही क्वचितच पाहिला...” मास्तर मान हलवत होते. “आणि म्हणूनच लेखकाला विचारावंसं वाटतं, की...” ती थांबली. माझ्याकडे बघितलं.

“वाचा की, बाई.”

“...की दालनाचं दार दोन चौकटींचं आहे आणि ड्रॅगन सोळा चौकटींचा. मग खुनी आत शिरला कसा? लेखकानं स्वतःचाच नकाशा पाहिलेला दिसत नाही.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

“ड्रॅगन?” मास्तर म्हणाले. “ड्रॅगन कुटनं आला?”

आणि मी, विम्याच्या कचेरीत वीस वर्षं खोट्या जबान्या ओळखणारा माणूस, म्हणालो, “भाषांतर कॉम्प्युटरवर केलं ना, मास्तर. त्यात काहीतरी घोटाळा झालेला दिसतोय.”

त्यांनी छापलेली इंग्रजी पानं मागितली. मुलगी एक एक ओळ लावून तेलुगूत सांगत होती, ते आपल्या मूळ कागदावर चौकटींतून पट्टी सरकवत होते. अर्धा तास. भिंगाची दोरी मानेला घामानं चिकटली होती. मग त्यांनी पट्टी खिशात घातली.

“सायेब, कॉम्प्युटर शब्द चुकतोय. मला ठाव हाय, त्यानं माज्याबी जागी काम केलंय. पन सर्दी काडून टाकायची त्येला सुचत न्हाय. ते मानसाचं काम हाय.”

मी पेढ्यांच्या पुड्याकडे बघत राहिलो.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “बक्षीस नको. काय नको. फकस्त तितं एक ओळ लिवा. ड्रॅगन माजा न्हाय म्हनून. अडतीस वर्सांत खोट न्हाय गेली माज्या हातनं, आन् नाव पयल्यांदा आलं ते खोटीवर. लिवाल का?”

“आजच लिहितो, मास्तर.”

पुडा त्यांनी टेबलावरच ठेवला. तो कुणी उघडला नाही. चौथ्या दिवशी बायकोनं न बोलता मोलकरणीला दिला.

आता एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? मला तीन महिने लागले. ‘ड्रॅगन मी घातला, लेखकाचा काही दोष नाही’, एवढंच लिहायचं होतं. पण नुसतं एवढंच लिहिलं तर मी मूर्ख दिसतो, म्हणून आधी थोडी प्रस्तावना घातली. मग दोन संस्कृतींमधल्या भाषांतराच्या अडचणींवर एक परिच्छेद. मग तो जड वाटला म्हणून थोडा विनोद. चौदा मसुदे झाले. माफीसुद्धा मला जशीच्या तशी मागता येईना, तिच्यातही मी ड्रॅगन घालत बसलो. मध्ये दोनदा मास्तरांचा फोन येऊन गेला. “गेली का ओळ?” “जातेय, मास्तर.” मग फोन आला नाही, रविवारी तेही आले नाहीत. औषधवाल्यानं येणं बंद केलं. बायको म्हणाली, “तुमच्या गोष्टीत मला नाही यायचं. दारं नसतात.”

शेवटी एका सोमवारी तिनं चौदावा मसुदा हातातून ओढून घेतला, एक ओळ ठेवली, बाकीचं फाडलं आणि पाठवायला लावलं. दोन दिवसांत उत्तर आलं. फार सभ्य उत्तर. स्पर्धेची पानं गेल्या महिन्यात कायमची बंद करण्यात आली आहेत, आता त्यांत काही बदलता किंवा जोडता येत नाही, कळवल्याबद्दल आभार.

महिनाभर आधी गेली असती तर लागली असती ती ओळ.

ते उत्तर छापून घेऊन मी पुढच्या रविवारी कुंभारीला गेलो. दार उघडंच होतं. खोलीत चटईवर ग्राफ पेपर पसरलेला, भोवती मास्तरांची मुलगी आणि तिच्या कारखान्यातल्या चार जणी. गळ्यात मोजायची टेप विसरून राहिलेली एक, बोटाला चिंधी बांधलेली एक. मास्तर खुर्चीत. पंखा बंद.

मला बघून सगळ्यांनी माना वळवल्या.

“ह्ये कोन?” टेपवालीनं विचारलं.

मुलीनं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्याकडे. खोलीतली सूतनगरी मी ओळखली होती. खेळ नुकताच सुरू होत होता, महाजन मेलेला सापडला होता.

“मढं,” मास्तर म्हणाले. “झोपा.”

मी झोपलो. दुसरं काय करणार? चटई टोचत होती. मुलीनं ट्रंकेतून घडी केलेली एक चादर काढली आणि माझ्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत घातली. मोराची होती. कोपरा नेमका माझ्या नाकावर आला. त्यात कारखान्याचं नाव विणलेलं होतं. एप्रिलच्या दुपारी त्या चादरीखाली घामानं निथळत मी ते नाव उलट्या बाजूनं वाचत पडलो होतो. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, की निरोपाच्या चादरीच्या ज्या गोष्टीला आम्ही इतकं हसलो होतो ती मास्तरांनी विनोद म्हणून सांगितली नव्हती.

बाहेर चौकशी चालू झाली. आमच्या घरी पुजारिणीच्या विषांवरच आम्ही एक अख्खा रविवार घालवला होता. इथं टेपवाली म्हणाली, “आगं, आदी पांगरून उलटं करा की! शिलाई कुटं फसलीय ते वरनं कसं कळंल?” चार हातांनी चादर माझ्या अंगावरून ओढली, उलटी केली, परत घातली.

“हितं तार उलटी जोडलीया,” मास्तरांनी सांगितलं. विचारलं गेलं होतं.

“मग तार जोडनारी कोन हाय?” चिंधीवाली म्हणाली. “ह्यो पहारेकरी म्हनतोय, रातभर आत कुनीच गेलं न्हाय. आन् माग तर चालू हुते. कुनीच न्हाय गेलं, मग तार काय भुतानं जोडली?”

“आपला सुपरवायजर तसंच म्हनतोय की,” तिसरी म्हणाली. “सायेब आलं की, ‘खोलीत कुनी न्हाय, या.’ आनि आमी चाळीस जनी हितं बसल्याली.”

सगळ्या हसल्या. चादरीखाली मला हसू आलं नाही. चहा व्हायच्या आत त्यांनी तार जोडणाऱ्या बाईला गाठलं, आणि मग फाशी द्यायची की नाही यावर त्यांच्यात खरंखुरं भांडण लागलं. मास्तर पट्टीनं खुर्चीच्या हातावर टकटक करत होते. त्या टकटकीवरूनच कळत होतं की माणूस किती सुखात आहे.

त्या गेल्यावर मी उठलो. पाठीवर चटईचे वळ होते. कागद मास्तरांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं : ओळ कधी गेली, उशीर का झाला, उत्तर काय आलं. मुलीनं उत्तर वाचून त्यांना तेलुगूत सांगितलं. दोनच वाक्यं लागली तिला.

मास्तरांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. ती कोरी होती.

“म्हंजे आता ड्रॅगन माजाच,” ते म्हणाले. कागदाची घडी घातली, मला परत दिली आणि नकाशा गुंडाळायला घेतला. माझ्याकडे परत बघितलं नाही.

मी चपला घालून उंबऱ्यावर उभा राहिलो. निघवेना. शेवटी मुलीला हळूच विचारलं, “पुढच्या रविवारी येऊ का?”

ती चादरीची घडी घालत होती. कोपऱ्यातलं नाव आत जाईल अशी बेतानं घडी.

“या की,” ती म्हणाली. “मढं दर खेपेला लागतंय. आन् मढ्याला काय बदलता येत न्हाय.”